तीन सेकंदांची आई

"आई, तू मनातल्या मनात मला शिव्या देतेस, त्या पण यंत्राला ऐकू जातात का गं?"

प्रश्न शाल्मलीचा नव्हता. शाळेतून येताना आफरीन आणि कल्पिता यांनी पैज लावली होती, की हे विचारायची तुझी हिंमतच नाही. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला "उपस्थित" म्हणतानाही जिचा आवाज बाकाखाली घरंगळायचा, त्या शाल्मली तायडेला हल्ली असलं वाक्य सोसत नसे. तिनं खांद्यावरचं दप्तरही न उतरवता विचारून टाकलं.

आई भेंडी चिरत होती. तिनं मान वर केली. तिचे ओठ हलले, आवाज मात्र आला नाही. दोघी मैत्रिणी श्वास रोखून बसल्या. मग कल्पिताला राहवेना. "काकू चिडल्या वाटते," ती कुजबुजली. "चल न बे, निघू," म्हणत आफरीन उठलीसुद्धा. आणि नेमक्या त्याच वेळी कोपऱ्यातल्या टेबलावरच्या स्पीकरमधून अख्ख्या अकोल्याच्या ओळखीचा, स्वच्छ, भारदस्त आवाज घुमला.

"शिव्या मी मनात कायले देऊ? तोंड हाय न मले."

पण तोवर वेळ टळली होती. मैत्रिणी हसल्या त्या उशिरा आणि नको इतक्या. आईनं पुन्हा भेंडीत मान घातली.

हे शाल्मलीला झोंबलं. तिची आई, रत्नमाला तायडे, एका वाक्यात पंगत हसवणारी बाई. एसटी स्टँडवर ती वाहतूक नियंत्रक होती. "मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे," हे तिनं किती वर्षं सांगितलं त्याची गणती नाही. मग घशात गाठ निघाली आणि ती काढताना डॉक्टरांना स्वरयंत्रही काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला.

आवाज गेला तरी बोलणं जात नाही, हे शाल्मलीला नंतर कळलं. आपण बोलतो तेव्हा आवाजाच्या आधी मेंदू जिभेच्या, जबड्याच्या, हनुवटीखालच्या स्नायूंना हुकूम सोडतो. हे हुकूम विजेचे असतात, अगदी बारीक. आवाज काढणारं स्वरयंत्र गेलं तरी हुकूम निघतच राहतात. हनुवटीखाली चिकटपट्टीसारखी एक संवेदक पट्टी लावली की ते टिपता येतात, आणि संगणक त्यांतून शब्द ओळखतो. ही पट्टी आता औषधाच्या दुकानात मिळू लागली होती. शब्द ओळखायचं काम पट्टीच्या कंपनीच्या दूरच्या यंत्रांवर सोपवता येत होतं, पण आईनं पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं, "माझं न बोललेलं परक्याच्या घरी जाणार नाही." म्हणून मग घरचाच जुना डेस्कटॉप. शाल्मलीनं त्याला स्टँडवरच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून आईचा आवाज शिकवला, जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळवलं, आणि तेव्हापासून तिची मान वर झाली ती झालीच.

फक्त एक होतं. आईचे ओठ हलले की तिचा आवाज यायला तीन सेकंद लागत.

तीन सेकंद म्हणजे काय असतं, ते तायड्यांच्या घरी जेवायला बसल्याशिवाय कळायचं नाही. बाबा डाळ मिलमध्ये फिटर. दिवसभर यंत्रांच्या खडखडाटावर मात करून बोलायची सवय, त्यामुळे त्यांना वाक्याच्या मध्ये जागा सोडणं ठाऊक नव्हतं. त्या दिवशीही ते दारातूनच म्हणाले, "रत्ना, चहा ठेवतं का? राहू दे, मीच ठेवतो. साखर कुठी हाय? हे काय, सापडली." गॅस पेटल्यावर मागून आवाज आला, "बसा, मी ठेवते." मग बाबा, "मघाच सांगायचं न!" आणि त्यावरचं आईचं उत्तर यायच्या आत ते कप घेऊन बाहेर गेलेले.

आणि सोमवारी तर खिडकी होती.

ऑपरेशननंतर आईला स्टँडच्या आतल्या खोलीत फायली लावायला बसवलं होतं. गाड्यांच्या घोषणा आता यंत्र करत होतं, पण घोषणा ऐकली की माणसं चौकशीच्या खिडकीशी येऊन विचारत, "काय म्हणाले हो ते?" खिडकीत माणूस लागतोच. आईला ती खिडकी हवी होती. आगारप्रमुख मॅडम भल्या होत्या, त्यांनी नाही म्हटलं नाही. "ताई, खिडकीवर गर्दी असते," त्या म्हणाल्या. "समोरचा तीन सेकंद गप्प दिसला की लोक दुसऱ्याला विचारायला लागतात. सोमवारी तुमचं यंत्र घेऊन या, बसून बघू. जमलं तर खिडकी तुमची."

"मी पळवते त्याला," शाल्मलीनं शनिवारी सकाळी जाहीर केलं. "प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं चालवता येतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात."

"फुटन नाही न?" बाबांनी विचारलं.

"मी हाय न."

प्रोसेसरच्या आत एक ठेका चालू असतो. शाल्मली तो लेझीमवरून समजावून सांगायची. हलगीच्या प्रत्येक ठोक्याला पथकानं एक पाऊल टाकायचं. ठोका जलद केला की नाच जलद होतो. पण कुणाचं पाऊल पुरं पडायच्या आत पुढचा ठोका आला की पाय अडकतात, आणि संगणकात पाय अडकणं म्हणजे गणित चुकणं. मग पोरांना गूळ-शेंगदाणे वाढवून द्यायचे, म्हणजे विजेचा दाब थोडा वाढवायचा. जोर येतो, पण घामही वाढतो. तो घाम म्हणजे उष्णता. आणि एका साच्यातून निघालेल्या दोन चिपसुद्धा सारख्या नसतात. एक दमते, दुसरी दमत नाही. आपली कशी आहे ते पळवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

पळवायच्या पद्धती तीन होत्या. पहिली प्रोसेसरच्या कंपनीचीच: एक बटण दाबायचं, संगणक स्वतःच स्वतःला जपून थोडा वेग वाढवतो. शाल्मलीनं दाबलं. आईला म्हणाली, "बोल काहीतरी."

आईचे ओठ हलले. शाल्मली मोजत राहिली.

"काय बोलू?"

अडीच सेकंद. अर्ध्या सेकंदासाठी एवढं बटण. शाल्मलीनं नाक मुरडलं. कंपनीवाले म्हणजे पेपरला जायच्या आधी दही खायला घालून वर हळू चाल म्हणणारे. तिला प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं होतं, दही नको होतं.

दुसरी पद्धत हातानं करायची. संगणक सुरू होताना मुळातल्या सेटिंगमध्ये शिरायचं, ठेका एक पायरी वाढवायचा, विजेचा दाब चिमूटभर वाढवायचा, पुन्हा सुरू करायचं, कठीण गणितं देऊन तपासायचं, टिकला तर पुढची पायरी. न टिकला तर पडदा निळा पडतो आणि पहिल्यापासून. शनिवारभर शाल्मली हेच करत होती. पायरी, निळा पडदा. पायरी, निळा पडदा. तिनं कॅबिनेटची बाजू उघडून ठेवली, केस वर बांधले, जेवण तिथेच मागवलं. मधून मधून आई समोर येऊन काही सांगू बघत होती. "थांब न आई, आत्ता बंद हाय ते," शाल्मली पडद्यावरची नजर न काढता म्हणायची. एकदा आईनं टाळी वाजवली. "आई, एक मिनिट." मग आई गॅलरीत जाऊन उभी राहिली.

दुपार उतरता उतरता जमलं. उशीर दीड सेकंदावर आला होता. संगणक तापत होता, पण मर्यादेत. शाल्मलीनं आरोळी ठोकली आणि कल्पिताकडे गणिताची वही परत करायला गेली. जाताना बाबांना बजावलं, "तापते आहे, लक्ष ठेवजा."

बाबांनी लक्ष ठेवलं. अकोल्याच्या माणसाला काही तापतंय म्हटलं की एकच उपाय सुचतो. त्यांनी खिडकीतला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर ओढून आणला, टाकी बोअरच्या पाण्यानं काठोकाठ भरली, आणि त्याचं तोंड उघड्या कॅबिनेटवर रोखून पंखा पुऱ्या वेगावर सोडला.

शाल्मली परतली तेव्हा घर गार होतं. संगणकही गार होता, कारण तो बंद पडला होता. आत बोर्डावर ओल होती आणि ओल सुकली तिथे पांढरी खपली धरली होती. अकोल्याचा हा सगळा खारपाणपट्टा. इथल्या बोअरचं पाणी कपड्यांवर डाग पाडतं, नळावर पापड धरतं. तेच खारं पाणी तुषारांनी आता प्रोसेसरच्या आजूबाजूला बसलं होतं, आणि मीठ ओलं असलं की त्यातून वीज वाहते.

"कूलर काहून लावला?"

"तूच त म्हणाली तापते आहे."

"बाबा, तो काय पाहुणा हाय का, कूलरसमोर बसवायला?"

"मले काय मालूम, बाप्पा. मिलमध्ये बेअरिंग तापलं की आम्ही पाणीच मारतो."

"सोमवारी खिडकी हाय आईची. सोमवारी!"

"आवाज कमी कर. मी का मुद्दाम केलं?"

दोघं असे तोंडाला तोंड देत असताना मधे आई उभी होती. तिचे ओठ हलत होते. ती आधी नवऱ्याकडे, मग मुलीकडे बघत काहीतरी सांगत होती, जोरात, हातवारे करून. संगणक बंद होता. तिचं कुणालाच ऐकू गेलं नाही. शेवटी तिनं टेबलावरचा पेला उचलून आपटला. दोघं गप्प झाले, पण तोवर तिचं बोलून झालं होतं, आणि तेच पुन्हा बोलायचा तिला कंटाळा आला होता. ती आत निघून गेली.

रविवारी सकाळी शाल्मलीनं मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून स्पिरिट आणलं, जुन्या दातांच्या ब्रशनं एकेक खपली उतरवली. संगणक उठला. पण काल मिळवलेला वेग लावला की चुकायला लागला. पायरी उतरवली तरी चुकला. मीठ कुठेतरी उरलं होतं, किंवा काहीतरी कायमचं दुखावलं होतं. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला.

उरली तिसरी पद्धत. ती नवी होती, दोन वर्षांपूर्वीची. आजवर चूक होऊ द्यायची नाही या भीतीनं प्रोसेसर हळू चालवत. कुणीतरी उलटा विचार केला: चुकू दे. ठेका इतका जलद करायचा की पावलं अडकणारच. अडकलेलं गणित पुन्हा करत बसायचं नाही. त्या जागी काय असायला हवं होतं याचा, आजवर शिकलेल्यावरून, अंदाज करायचा आणि तो चिकटवून पुढे जायचं. कंपनीनं त्याला भारी नाव दिलं होतं. शाल्मली त्याला ठिगळ म्हणायची. चित्रं, गाणी, खेळ यांत ते ठिगळ कुणाच्या लक्षातही येत नसे, म्हणून सगळे वापरत.

आणि चुकणाऱ्या संगणकाला याहून चांगली पद्धत कोणती? तिनं ठिगळ चालू केलं.

"आई, बोल."

"बोलते," आवाज आला. ओठांबरोबर. अगदी ओठांबरोबर.

शाल्मलीनं दोन्ही हात वर करून घरभर फेरी मारली. बाबा येऊन बसले आणि आईशी बोलले, आणि आई त्यांच्याशी बोलली, पूर्वीसारखी, वाक्याला वाक्य लागून. बाबांचे डोळे भरले. "घ्या, आता कोण अडवते," ते म्हणाले.

संध्याकाळी तालीम ठेवली. आई टेबलाशी, आफरीन प्रवासी, कल्पिता रांगेतली भांडखोर बाई.

"ओ ताई, शेगावची गाडी लागली का?"

"शेगावला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे."

आफरीननं टाळ्या वाजवल्या. आईनं मान हलवली, नाही म्हणून. ओठ पुन्हा हलले.

"प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी."

सगळे हसले. आई गंमत करतेय असं सगळ्यांना वाटलं. तिच्या चेहऱ्यावर मात्र गंमत नव्हती.

"रत्ना," बाबा खुशीत म्हणाले, "उद्या स्टँडवर मिलमधल्या चारपाच जणांले घेऊन येतो तुले पाहायले. चालन न?"

शाल्मली आईच्या बरोबर समोर बसली होती. आईचे ओठ तिला स्वच्छ दिसले. दोनच शब्द होते. नका आणू.

"अवश्य यावे," स्पीकर म्हणाला. "आपले स्वागत आहे."

"पाह्यलं?" बाबा म्हणाले.

शाल्मली स्पीकरकडे वळली. आई अवश्य म्हणत नाही. आई यावे म्हणत नाही. या घरात गेले कितीतरी दिवस कुणी कुणाला आपले स्वागत आहे म्हटलेलं नाही. आणि सकाळपासूनच्या बोलण्यात एकदाही काहून आलं नव्हतं, कायले आलं नव्हतं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

तिनं पडद्यावर मघाची वाक्यं उघडली. जे शब्द पट्टीनं खरोखर टिपले ते काळे दिसत, जिथे ठिगळ लागलं ते पिवळे. शेगाव तेवढं काळं होतं. पुढचं सगळं पिवळं. अवश्य यावे, आपले स्वागत आहे: पहिल्यापासून शेवटपर्यंत पिवळं. आईचं बोलणं जिथे जिथे अडकलं तिथे यंत्रानं त्याला जे येत होतं ते चिकटवलं होतं, आणि त्याला येत होत्या त्या स्टँडवरच्या घोषणा. त्या तर तिनंच शिकवल्या होत्या, दुसरं ध्वनिमुद्रणच घरात नव्हतं. आई जेवताना, चिडून, लाडानं बोललेली कुणी कधी टिपून ठेवली होती?

"आई, शेगावची गाडी कुठे लागते?"

आईनं स्पीकरचा आवाज शून्यावर आणला आणि पाटी ओढली. "नव्या शेडखाली. दोन नंबर खोदून ठेवला हाय कधीचा." म्हणजे उद्या खिडकीतून आई माणसांना, स्वतःच्या खणखणीत आवाजात, खड्ड्याकडे पाठवणार होती.

मैत्रिणी गेल्यावर शाल्मलीनं स्पीकरचा आवाज पुन्हा वाढवला आणि हळूच विचारलं, "आई, काल दिवसभर मी तुला बंद करून ठेवलं, तेव्हा मला मनात शिव्या दिल्यास ना?"

आईनं तिच्याकडे बघितलं. ओठ हलले, बराच वेळ, मऊ. पैजेवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिनं कसं दिलं होतं, ते शाल्मलीला आठवलं. आता तसं काहीतरी येईल म्हणून ती थांबली.

"आपल्या सहकार्याबद्दल," स्पीकर म्हणाला, "धन्यवाद."

शाल्मलीनं ठिगळ तिथल्या तिथे बंद केलं. हातानं वाढवलेला वेगही काढला. कंपनीचं ते दही खायला घालणारं बटण तेवढं राहिलं, आणि अडीच सेकंद. तिला कुणावर चिडावं तेच कळेना. ठेक्यावर, मिठावर, बाबांवर, बक्षिसावर. स्वयंपाकघरात बाबा आईला काही विचारून स्वतःच उत्तर देत होते. सगळं जिथल्या तिथे.

निदान स्टँडवरची ती मुद्रणं तरी पुसून टाकावीत म्हणून तिनं ती उघडली. पहिलं सुरू झालं, घोषणेच्या आधीची घंटा: टिंग टाँग.

स्वयंपाकघरातला बाबांचा आवाज वाक्याच्या मधेच थांबला.

शाल्मलीनं डोकावून पाहिलं. बाबा हातात लाटणं धरून, मान किंचित वर करून, ऐकायला उभे होते. ती घंटा वाजली की अकोल्याचा माणूस गप्प होतो. हातातला वडापाव तोंडाशी थांबतो, रडतं पोर मांडीवर थोपटलं जातं, कारण आता आपली गाडी असेल. हे सगळं आईनं शिकवलं होतं, वर्षानुवर्षं, एक बटण दाबून.

शाल्मलीनं मुद्रण पुसलं नाही. ती विचार करत राहिली. आई काय बोलतेय ते ओळखायला अडीच सेकंद लागतात. पण ती बोलायला लागलीय हे? ते तर स्नायू हलल्याबरोबर कळतं, त्याला कसलाच वेग लागत नाही.

जेवायला बसले तेव्हा तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. बाबांचं चालूच होतं. "मी म्हणतो, ते सकाळचं झकास चालू होतं, बंद काहून केलं या पोट्टीनं? उद्या खिडकीत बसायचं हाय. तुले काय वाटते रत्ना? तुले बी तेच वाट–"

टिंग टाँग.

बाबांचं तोंड मिटलं. घास हातातच राहिला. आईनं चमकून आपल्या हनुवटीखालच्या पट्टीला हात लावला. अडीच सेकंद कुणीच मधे शिरलं नाही.

"सकाळी ते मी नव्हते," आईचा आवाज आला. "मिलवाल्यांले आणू नका. मले भेव वाटते, पहिलाच दिवस हाय. अन् काल तुम्ही दोघं भांडत होते तेव्हा मी सांगत होते, की पोरीले रागावू नका, अन् तू बापाले बोलू नको. कोणी ऐकलं नाही."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "पण रत्ना, मॅडम उद्या–"

"बाबा, थांबा," शाल्मली म्हणाली. ती उठून उभी राहिली, बोटाला वरण लागलेलं होतं तशीच. "मी ठरवलंय. ठिगळ गेलं, ते परत येणार नाही. हातानं पळवणंही बंद. कंपनीचं बटण तेवढं राहील, आणि उद्या खिडकीत आई अडीच सेकंद उशिराच बोलेल. पण तिचे ओठ हलल्याबरोबर आधी घंटा वाजेल, आणि घंटा वाजली की लोक थांबतील. मॅडमना पसंत नाही पडलं तर मी स्वतः त्यांच्याशी बोलीन, कुणी पैज लावली नाही तरी. आणि या घरात घंटा वाजल्यावर जो मधे बोलेल, तो त्या दिवशी भांडी घासेल. त्यात मी पण आले."